स्थिर खेड्याचा सिद्धान्त आणि मराठवाड्याची साक्ष

गावाचा इतिहास लिहायला बसलेला आपल्याकडचा बहुतेक प्रत्येक जण एक गोष्ट गृहीत धरतो. पूर्वीचे खेडे स्वयंपूर्ण होते, तीच घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, आणि कारखाने व शहरे आल्यावर ही घडी विस्कटली. ग्रामगौरव अंकांतून आणि भाषणांतून हे इतके ऐकू येते की त्याला पुरावा मागणेही कोणाला सुचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीतला पुरावा तपासला तर हे गृहीत टिकत नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये लिहिले की राजघराणी येतात आणि जातात, पण छोट्या प्रजासत्ताकांसारखी ही खेडी मात्र टिकून राहतात. हेन्री मेनने १८७१ मध्ये या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. मार्क्सला १८५३ मध्ये त्याच चित्रात साचलेपण दिसले, पण चित्र तेच होते. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथाचा आधार घेतला जातो, जरी आत्र्यांनी बलुतेदारीचे दोष स्पष्टपणे दाखवले आहेत. या पक्षात तथ्य आहेच. गावाची शीव, पांढरी, पाटील-कुळकर्ण्यांचे वतन, बलुत्याचे हक्क या गोष्टी शतकानुशतके टिकल्या. प्रश्न असा की त्या टिकल्या म्हणून माणसेही तीच राहिली का?

राहिली नाहीत. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खनची गावेच्या गावे ओस पडली; शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, त्या अन्नान्नदशेची नोंद करून ठेवली आहे. पाठोपाठ १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. १६५३ नंतर औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत मुर्शिदकुली खानाला ओसाड मुलूख पुन्हा लागवडीला आणण्याचेच काम करावे लागले. पांगलेली रयत परत आणणे, बैल-बियाण्यासाठी तगाई देणे हे त्याच्या व्यवस्थेचे मुख्य अंग होते. मराठी दप्तरेही तीच साक्ष देतात. नव्या कुळांना कौल देऊन बोलवायचे, पहिली वर्षे हलका आणि पुढे चढता सारा, म्हणजे इस्तावा, ठरवून द्यायचा, ही सरकारची नेहमीची वहिवाट होती. निघून गेलेल्या किंवा निर्वंश झालेल्या घराण्यांच्या जमिनी ‘गतकुळी’ म्हणून वेगळ्या दाखवल्या जात. वंशपरंपरागत जमीन कसणाऱ्या मिरासदारांच्या जोडीला उपरी, म्हणजे बाहेरून आलेली कुळे, कसत असत, आणि उपरी सोयीप्रमाणे गाव बदलत. माणसे हलतच नसती, तर हे सगळे कायदे आणि ही खाती कशासाठी लागली असती?

मेटकाफच्या टिपणातही हे दडलेले आहे. लुटालुटीच्या काळात गावकरी पांगतात आणि कधी पुढच्या पिढीत परततात, हे तो स्वतःच लिहितो. शिवाय ते टिपण दिल्लीकडच्या अनुभवावर, प्रत्येक शेतकऱ्याशी थेट सारा ठरवण्याच्या पद्धतीविरुद्धच्या महसुली वादात लिहिलेले आहे. एका प्रशासकीय वादातली बाजू आपण सबंध देशाचा इतिहास म्हणून स्वीकारली.

कोणी म्हणेल, रयत हलली तरी वतनदार घराणी तरी स्थिर होती. पण पाटीलकी, निमपाटीलकी विकल्याचे कितीतरी कागद उपलब्ध आहेत. दुष्काळ, कर्ज आणि थकलेला सारा ही त्यामागची नित्याची कारणे. आणि जे घराणे वतन विकावे लागण्याइतके खचले नाही, तेही जागेवर बसून राहिले नाही. वेरूळच्या भोसल्यांचेच पाहा. मालोजीराजांकडे पुणे-सुपे आले, शहाजीराजे बेंगळुरूपर्यंत गेले, आणि १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. आपल्या जिल्ह्यातले सर्वांत विख्यात पाटील घराणे तीन पिढ्यांत कावेरीकाठी पोहोचले होते.

आता स्वयंपूर्णतेचा दावा. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, नाव कोरलेले आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. मीठ कोणत्याही मराठवाडी गावात पिकत नाही. ते समुद्रकाठाहून बैलांच्या तांड्यांवर लमाण आणत. दौलताबाद-खुलताबादच्या मधले कागजीपुरा तर हातकागद बनवणाऱ्यांचे गाव; दप्तरे, न्यायालये आणि बाजार नसते तर तिथे चूल पेटली नसती. सारा रोख भरायचा, म्हणजे धान्य विकणे आलेच. सून बहुधा परगावची, लेक बहुधा परगावी. एम. एन. श्रीनिवास यांनी १९६० मध्येच खेड्याच्या स्वयंपूर्णतेला मिथक म्हटले होते.

शहराने गाव मोडले, हे म्हणणेही इथे उलटे पडते. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवले. तेच पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाले. उलट सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान आज तालुक्याचे पैठण आहे, आणि यादवांची, पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाची राजधानी झालेले देवगिरी, म्हणजे दौलताबाद, आज ग्रामपंचायतीचे गाव आहे. खेडे आणि शहर या दोन जाती नाहीत, एकाच वस्तीच्या निरनिराळ्या अवस्था आहेत.

आणि हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्येही खेडूत आपल्या शिवेबाहेर जात नसे असा समज रूढ होता. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लेवर्थ या गावच्या धर्मगुरूने १६७६ आणि १६८८ मध्ये गावकऱ्यांच्या याद्या केल्या होत्या. लोकसंख्या दोन्ही वेळा सुमारे चारशे. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी १९६३ मध्ये त्या ताडून पाहिल्या, तेव्हा बारा वर्षांत सुमारे साठ टक्के माणसे मृत्यूने किंवा स्थलांतराने बदललेली निघाली. आकडा जागेवर होता, माणसे नव्हती.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर एवढ्या आग्रहाने मांडला नसता. स्थिर खेड्याच्या कल्पनेतूनच ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ हा भेद जन्मतो, आणि त्याचा वार नेहमी दुबळ्यावर होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मेटकाफचाच उल्लेख करून विचारले की नुसत्या टिकून राहण्याला मोल काय. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या बाजूने पाहिले, तर त्या टिकण्याची किंमत कोणी मोजली हे कळते. जायकवाडीच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. तिथली माणसे जिथे वसली तिथे त्यांना पाहुण्यासारखे का वागवले जावे? २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, आणि तेव्हा मराठवाड्यातले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या फडांवर असतात. गावाच्या आकड्यात ते येत नाहीत, आणि फडावर शाळा, रेशन, दवाखाना देताना ते कोणाच्याच हिशोबात नसतात. पुढची जनगणना २०२७ मध्ये होत आहे; तेव्हा तरी हा हंगाम लक्षात घेतला पाहिजे.

म्हणून सिद्धान्त असा : गावात टिकते ती शीव, पांढरी आणि हक्कांची चौकट; माणसे सतत येतात आणि जातात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबर कोण केव्हा आले, कोण का गेले, कोणाची जमीन कोणाकडे गेली, हेही लिहावे. आणि जो आज येऊन इथे राबतो आहे, त्याचाही गावावर तेवढाच हक्क आहे, कारण हे गाव त्याच्यासारख्यांनीच वेळोवेळी पुन्हा वसवले आहे.