एक ना धड?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि २ बळी, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ५ बळी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी हेच आकडे होते, आणि ते योग्यच होते. मी जुन्या सवयीने धावफलक वहीत उतरवत असताना एका नावाशी थांबलो. अमनजोत कौर : १२ धावा, ४ षटकांत ३४ धावा, बळी एकही नाही. सामना न पाहिलेला माणूस विचारील, हिला घेतली कशाला? पण आफ्रिकेची सलामीची जोडी फोडली ती तिच्या थेट फेकीने. पुढे शतक ठोकून सामना ओढत नेणाऱ्या लॉरा वोल्वार्टचा उंच झेल तिच्या हातात दोनदा उडाला आणि तिसऱ्या प्रयत्नात सापडला. सामना तिथेच फिरला. तिच्या नावापुढच्या रकान्यांत यातले काहीच नाही.

अशा खेळाडूंसाठी इंग्रजीत ‘बिट्स अँड पीसेस’ असा एक हिणकस शब्दप्रयोग आहे. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, पण कशातच पुरता नाही. आपल्याकडे तो घरोघरी पोचला २०१९ च्या विश्वचषकात. संजय मांजरेकर यांनी रवींद्र जडेजाबद्दल तो वापरला : कसोटीत जडेजा निव्वळ गोलंदाज आहे, पण पन्नास षटकांच्या सामन्यात आपल्याला असे तुकड्या-तुकड्यांचे खेळाडू पसंत नाहीत, असा त्यांचा आशय. थोड्याच दिवसांत, १० जुलैला, मँचेस्टरच्या उपान्त्य सामन्यात ६ बाद ९२ अशा अवस्थेत आलेल्या जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या. आदल्या दिवशी सुरू झालेल्या त्याच सामन्यात त्याने १० षटकांत ३४ धावांत १ बळी घेतला होता आणि रॉस टेलरला थेट फेकीवर धावबादही केले होते. भारत १८ धावांनी हरला. मांजरेकरांची तेव्हा भरपूर टिंगल झाली.

मला ती टिंगल पटली नाही. मांजरेकर मुंबईच्या परंपरेतून बोलत होते. फलंदाजाने दिवसभर फलंदाजी करावी, विकेट फेकू नये, उरलेले काम ज्याचे त्याने बघावे, ही दादर-माटुंग्याच्या मैदानांवरची शिकवण. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण तिथे कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. शिवाय मर्यादित षटकांच्या खेळात एका गोलंदाजाला दहाच षटके मिळतात, म्हणून पाचवा गोलंदाज शोधावा लागतो. त्या सोयीपोटी ना धड फलंदाज, ना धड गोलंदाज अशी किती मुले आली आणि दोन मोसमांत विरून गेली, ते आपण पाहिले आहे. १९८३ च्या विजयात मोहिंदर अमरनाथ, रॉजर बिन्नी, मदनलाल यांचा मोठा वाटा होता. त्या यशाने अशा निवडींना बरीच वर्षे आधार पुरवला, असे मला वाटते.

पण मुंबईच्याच परंपरेत एकनाथ सोलकर होते, आणि या वादात त्यांचे नाव कुणी काढत नाही याचे मला नवल वाटते.

सोलकरांचे वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची राखण करत. मुलगा तिथेच वाढला. सामन्यांच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलण्याचे कामही त्याने केले. १९६९ मध्ये तो कसोटी खेळाडू झाला. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडू. २७ कसोटी, १०६८ धावा, सरासरी पंचविशीची. बळी १८, आणि प्रत्येक बळीमागे जवळजवळ ६० धावा. शतक एकच, वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीत, १९७५ साली. मांजरेकरांची कसोटी लावली तर असा माणूस संघात बसत नाही.

आता दुसरा हिशेब. १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा. किंगस्टनला भारत ५ बाद ७५. दिलीप सरदेसाईंनी २१२ केल्या हे सर्वांना पाठ आहे. त्यांच्यासोबत उभे राहून ६१ करणारे सोलकर होते. बार्बाडोसला ६ बाद ७०, पुन्हा हीच जोडी : सरदेसाई १५०, सोलकर ६५, भागीदारी १८६. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलला पहिल्या डावात त्यांनी २८ धावांत ३ बळी घेतले आणि ४४ धावा केल्या. दुसऱ्या डावात चंद्रशेखरांच्या ३८ धावांत ६ बळींपुढे इंग्लंड १०१ मध्ये संपले. त्यातला फ्लेचरचा झेल सोलकरांचा. वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा जमिनीलगत झेपावून टिपलेला झेलही त्यांचाच. पहिल्या डावात नॉटने ९० केल्या होत्या.

कारकिर्दीत त्यांनी एकूण ५३ झेल घेतले, म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या बळींच्या यादीत ‘झे. सोलकर’ किती वेळा येते ते एकदा पाहावे. त्या चौघांच्या सरासरीत सोलकरांचा वाटा आहे; सोलकरांच्या स्वतःच्या सरासरीत मात्र तो कुठेच दिसत नाही. त्यांची ६० ची गोलंदाजी सरासरीसुद्धा अशीच वाचायला हवी. आपल्याकडे तेव्हा वेगवान गोलंदाज नव्हते. चेंडूची चकाकी घालवून तो फिरकीच्या हाती देईपर्यंत कुणीतरी दोन-चार षटके टाकायची, आणि ती सोलकर टाकत. कधी तर खुद्द गावसकरांनी टाकली. तरीही १९७४ च्या मँचेस्टर कसोटीत याच कामचलाऊ गोलंदाजीने जेफ्री बॉयकॉटला ६ धावांवर परत पाठवले.

म्हणजे प्रश्न खेळाडू किती पुरता आहे एवढाच नाही, संघाला कुठे भोक पडले आहे हाही आहे. ज्या संघात ते भोकच नाही, तिथे सोलकरांची गरज नाही, हे मी मान्य करतो. आणि एक अपवादही मान्य करायला हवा. काही जण तुकड्यांपासून सुरुवात करून पुरते होतात. रवी शास्त्री १९८१ साली वेलिंग्टनला फिरकी गोलंदाज म्हणून दहाव्या क्रमांकावर उतरले आणि १९९२ मध्ये सिडनीला सलामीला जाऊन २०६ करून आले. जडेजाचे कसोटीतले बळी आता ३०० च्या पुढे आहेत. पण सोलकर शेवटपर्यंत सोलकरच राहिले. १९७७ नंतर ते कसोटी खेळले नाहीत, आणि २००५ साली वारले.

ओव्हलच्या त्या डावाचा धावफलक माझ्या जुन्या वहीत आहे. शाळेत असताना एका मासिकातून उतरवलेला. त्यात बेसिल डॉलिव्हेराच्या नावापुढे ‘झे. बदली, गो. वेंकटराघवन १७’ एवढेच लिहिले आहे. तो बदली खेळाडू के. जयंतीलाल होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. ते आयुष्यात एकच कसोटी खेळले, किंगस्टनची. धावा ५. वहीत त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने त्यांचे नाव लिहून ठेवले आहे.