न दिसणारी छिद्रं मोजायची कशी?

उन्हाळ्यात माठाला हात लावून बघा, बाहेरून ओलसर लागतो. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं. शेल हा खडकसुद्धा मुळात चिखलच, फक्त कोट्यवधी वर्षं दबलेला. त्यातल्या छिद्रांत गॅस अडकलेला असतो. किती? ते कळायला आधी छिद्रं मोजायला हवीत. आज तीच गोष्ट सांगतो.

पहिली युक्ती रॉबर्ट बॉइलच्या १६६२ च्या नियमावर चालते. वायूला दुप्पट जागा दिली की दाब निम्मा होतो. डब्यात खडक ठेवायचा, शेजारच्या डब्यातला हेलियम आत सोडायचा, दाब किती उतरला ते बघायचं. त्यावरून खडकाचा घन भाग कळतो. एकूण आकारमानातून तो वजा केला की उरली छिद्रं! वालुकाश्मावर हे झकास जमतं. शेलमध्ये मात्र हेलियम आत शिरायलाच फार वेळ घेतो.

दुसरी युक्ती एडवर्ड वॉशबर्नची, १९२१ ची. पारा दाबून आत घुसवायचा. छिद्र जितकं लहान, तितका जास्त दाब. पण वातावरणाच्या ४,००० पट दाब दिला तरी पारा साधारण ३ नॅनोमीटरच्या छिद्रांपर्यंतच पोचतो.

इकडे १९८१ मध्ये जॉर्ज मिचेलच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर खोदली. परवडणारी पद्धत सापडायला १९९८ उजाडलं. दरम्यान अमेरिकेतल्या गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कामातून नवी रीत आली: तुकड्याचं आकारमान मोजायचं आणि मग तो चक्क कुटायचा! वाट आखूड झाली की हेलियम पटकन आत जातो.

पण भुकटी किती बारीक, किती वाळवायची, चिकणमातीतलं पाणी धरायचं की नाही, यावर आकडा बदलतो. एकाच खडकाला एक प्रयोगशाळा ४ टक्के म्हणाली आणि दुसरी ६, तर फरक दोनाचा वाटतो. पण गॅसची जागा थेट दीडपट होते. त्यावर कोट्यवधींचे निर्णय होतात.

म्हणून मला वाटतं, जमिनीखाली अमुक इतका गॅस आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की आपण एकच विचारायचं: मोजला कसा?