बंगळुरातली एक सरळ रेषा

गेल्या आठवड्यात अकरावीतल्या माझ्या भाचीचा फोन आला. ती पुण्यात, मी बंगळुरात. म्हणाली, "मामा, दोन रेषांमधला कोन, बिंदूचं रेषेपासूनचं अंतर, ही सूत्रं पाठ करून कुणाचं काय भलं झालंय?" मी उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की तिच्या प्रश्नाचं उत्तर मी राहतो त्याच शहराच्या जमिनीत आहे. आजच्या भागात तेच सांगतो.

४ मे १७९९. श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. त्या लढाईत कंपनीच्या फौजेत विल्यम लॅम्बटन नावाचा एक अबोल अधिकारी होता. हातात आलेला मुलूख कंपनीला मोजायचा होता: नकाशासाठी, लष्करासाठी, महसुलासाठी. लॅम्बटनच्या डोक्यात त्याहून मोठं काही होतं. त्याला पृथ्वीचा आकारही मोजायचा होता. १८०० साली त्याने बंगळुराजवळच्या सपाट माळावर साडेसात मैलांच्या आसपास लांबीची एक सरळ रेषा मोजली. तिला पायारेषा म्हणू.

रेषा मोजायला होती एक पोलादी साखळी. शंभर फूट लांब, अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. ही साखळी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. त्याने नाकारली, आणि ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली. ती नुसती जमिनीवर टाकून चालत नसे. लाकडी पेट्यांत, तिवयांवर, ताणून ठेवायची आणि शेजारी तापमापक. का? उन्हात पोलाद वाढतं. मी हिशेब करून पाहिला: एका अंश फॅरनहाइटने शंभर फुटी साखळी इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वाढते. पण सात मैलांत साखळी पावणेचारशे वेळा टाकावी लागते. म्हणजे एका अंशाची चूक शेवटी जवळजवळ तीन इंचांवर जाते.

एवढी मेहनत एकाच रेषेवर का? कारण पुढे साखळी टाकायचीच नव्हती. पुढचं काम कोनांचं.

वही घ्या. पायारेषा X-अक्षावर ठेवू. एक टोक अ (०, ०), दुसरं ब (६, ०). अंतरं मैलांत. दूर एक टेकडी आहे, तिच्यावर निशाण. अ वरून टेकडीकडे पाहिलं तर पायारेषेशी ४५ अंशांचा कोन होतो, म्हणजे त्या रेषेचा चढ १. ब वरून कोन भरतो सुमारे ६३.४ अंश. रेषा उलटीकडे झुकलेली, म्हणून चढ उणे २. समीकरणं झाली y = x आणि y = १२ − २x. सोडवा. टेकडी आली (४, ४) वर. अ पासून अंतर ३२ चं वर्गमूळ, म्हणजे ५.६६ मैल. ब पासून २० चं वर्गमूळ, ४.४७ मैल. टेकडीवर पाऊल न ठेवता!

आता दोन रेषांमधला कोन. चढांची वजाबाकी ३, आणि १ अधिक चढांचा गुणाकार उणे १. भागाकाराची किंमत चिन्ह सोडून ३, म्हणजे कोन सुमारे ७१.६ अंश. खरा सर्वेक्षक टेकडीवर जाऊन हा कोनही मोजायचा, कारण तिन्हींची बेरीज जमली नाही तर कुठेतरी चुकलंय. मोठ्या त्रिकोणात ही बेरीज १८० हून किंचित जास्त भरते, कारण जमीन गोल आहे. तेही हिशेबात धरावं लागे. शिवाय दोन रेषा फार लहान कोनात छेदत असतील, तर कोनातली बारीकशी चूक छेदनबिंदूला कुठल्या कुठे नेते. म्हणून टेकड्या निवडतानाच त्रिकोण अंगाने भरलेला हवा.

लॅम्बटनने अर्थात समीकरणं मांडली नाहीत, त्याने त्रिकोणमिती वापरली. पण मुद्दा तोच: एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण कळतो, आणि त्याची नवी बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. १८०२ मध्ये त्याने मद्रासला नवी पायारेषा मोजून तिथून पश्चिमेकडे त्रिकोणांची माळ ओवली. बंगळुरापाशी आल्यावर १८०४ मध्ये परीक्षा झाली. इथली एक रेषा त्रिकोणांच्या गणिताने काढली आणि प्रत्यक्षही मोजली. सात मैलांत फरक पडला पावणेचार इंचांचा! पुढे माळ मंगळुराला पोचली, तेव्हा कळलं की किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचं अंतर चारशे नव्हे, सुमारे ३६० मैल आहे. जुन्या नकाशांतले चाळीस मैल जागेवर नव्हतेच.

आणि बिंदूचं रेषेपासूनचं अंतर? ते आपल्या सातबाऱ्याच्या मागे आहे. मोजणीदार शेतातून एक सरळ रेषा टाकायचा आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब मोजायचा. काटकोन साधायला शंकू, लांबीला ३३ फुटी साखळी. त्या साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. इकडे कन्नड शेतकरीही गुंठाच म्हणतो. त्या लंबात हात-दोन हात चूक झाली, तर भावाभावांत कोर्टाची पायरी ठरलेली.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवणारे, जंगलात निशाण धरून उभे राहणारे आपलेच लोक होते. कित्येक जण तापाने गेले. त्यांच्या नावांऐवजी नकाशावर टेकड्यांची नावं राहिली. आणि ज्या मोजणीने ज्ञान वाढलं, तिनेच परकं राज्यही घट्ट केलं. दोन्ही खरं आहे.

लॅम्बटन वीस वर्षं त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच, आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं. त्याच जाळ्याच्या आधारे राधानाथ सिकदारांनी हिमालयातल्या सर्वोच्च शिखराची उंची काढली, आणि नाव मात्र एव्हरेस्टचं लागलं.

भाचीला एवढं सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मामा, ते हिंगणघाट पुण्याहून किती लांब?" म्हटलं, आधी वहीत मांड, मग दिवाळीत जाऊन बघू.