आधी तोफा चढल्या, मग सहली

डिसेंबर १८०३. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. तिथून निघालेल्या इंग्रजी फौजेला गाविलगडाच्या उत्तर बाजूला पोचायचं होतं. अंतर साधारण तीस मैल. ७ तारखेला निघालेली फौज १२ तारखेला पोचली. वाटेत शत्रूने अडवलं म्हणून नव्हे, तर वाटच नव्हती म्हणून. सैनिकांनी आधी रस्ता तयार करायचा, मग जड तोफा आणि दारूगोळा हातांनी ओढत त्यावरून डोंगर-नाले पार करायचे. असं पाच दिवस.

आम्ही सहा जण परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला गेलो तो मार्ग वेगळा, पण डोंगर तोच, सातपुड्याची गाविलगड रांग. खरं तर आमचा बेत लडाखचा होता. सुट्ट्या जुळल्या नाहीत, पैसे त्याहून जुळले नाहीत, आणि शेवटी एक गाडी आणि दोन बाइक घेऊन आम्ही मेळघाटात निघालो. "अबे, खार्दुंग ला सोडून सेमाडोह? स्टेटसले काय टाकू मी?" एका मित्राचं हे पालुपद घाट संपेपर्यंत चालू होतं. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी इतिहास सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की खार्दुंग ला आणि हा सातपुडा यांची गोष्ट फार वेगळी नाही.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. दक्षिणेला वऱ्हाडचं सपाट काळं रान, उत्तरेला तापीचं खोरं, आणि मधे हे डोंगर. रांगेच्या दक्षिण टोकाला गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधून काढला, पण त्याचं नाव त्याही आधी इथे गुरं राखणाऱ्या गवळ्यांचं. दक्षिणेकडून गड चढणं जवळपास अशक्य, कारण तिकडे सरळ कडे आहेत. कच्ची बाजू एकच, उत्तरेची. तिथे जमिनीचा एक अरुंद पट्टा गडाला चिखलदऱ्याच्या पठाराशी जोडतो. पण त्या पठारावर तोफा आणणार कोण? गडाचा भरवसा भिंतींवर होता, तेवढाच रस्ता नसण्यावरही होता.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला आणि उरलेलं पायदळ गाविलगडावर गेलं. पुढे वॉटर्लूमुळे जगभर गाजलेला आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे तळ देऊन गडावरच्यांचं लक्ष गुंतवत राहिला. खरा घाव कर्नल स्टीव्हन्सन उत्तरेकडून घालणार होता. तोफा पठारावर आल्या आणि तीन दिवसांत तटाला खिंडार पडलं. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि पार ओडिशातलं कटकही सोडलं. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला सही केली. हीसुद्धा आपल्या अमरावती जिल्ह्यातलीच गावं. आपण तिथे फार तर चहाला थांबतो.

आता लडाख. सीमा सडक संघटना १९६० साली उभी राहिली ती सैन्याला सीमेपर्यंत पोचता यावं म्हणून. ज्या खिंडींत आज आपण टोपी घालून फोटो काढतो, तिथले बहुतेक रस्ते आधी लष्करी ट्रकसाठी झाले, पर्यटक मागून आले. उंच डोंगरातला रस्ता सहसा प्रवाशासाठी बांधला जात नाही. तो ओझ्यासाठी बांधला जातो. ओझं काय आहे, हे काळाप्रमाणे बदलतं.

मेळघाटात तोफांनंतरचं ओझं होतं सागवान. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. १८५८ मध्ये तात्या टोपे आश्रय घेईल या धास्तीने गाविलगड निकामी करण्यात आला, आणि त्यानंतर जंगल राखीव होत गेलं. सरकारला लाकूड हवं होतं, लाकडासाठी रस्ते आणि रस्त्यांसाठी मजूर. जंगलात वनग्रामं वसली ती या मजुरांची. सेमाडोहवरून वाहणाऱ्या नदीचं नाव सिपना. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. ज्यांच्या भाषेत साग ही नदी आहे, त्यांच्याच वाट्याला तो तोडून गाडीत भरण्याची मजुरी आली.

चिखलदऱ्याचा 'शोध' १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला, असं पर्यटनाच्या माहितीत आजही छापलेलं असतं. गवळी आणि कोरकू तिथे आधीपासून होते. पण रस्ता करून वर येणारा जो असतो, शोध त्याच्या नावावर जातो.

सेमाडोहला टपरीवर एका म्हाताऱ्या कोरकू बाबांना मी विचारलं, "बाबा, तुमच्या लहानपणी ही सडक होती का?" ते म्हणाले, "सडक होती ना. गाडी साहेबाची होती. आमी पायवाटेनंच जाय." गावात कोणी अडलेली बाई असली, तर तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणायचे, असंही त्यांनी सांगितलं. सडक होती, पण तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता नव्हता. १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यामागे भूक होती, आजार होते, आणि दवाखान्यापर्यंतचं अंतरही होतं.

तिसरं ओझं माणसांचं. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघाला जागा हवी, हे मला मान्य आहे. सिपनेच्या काठावर उभं राहिलं की ते कोणालाही पटेल. उन्हाळ्यात प्रवाह आटतो तेव्हा पाणी फक्त डोहांत उरतं, आणि त्याच डोहावर वाघही येतो, गुरंही येतात. गाभ्यातली गावं हलवायचं ठरलं. २००० नंतर कोहा, कुंड आणि बोरी ही गावं खाली अकोला जिल्ह्यात अकोटकडे वसवली गेली, मागून आणखी गावं गेली. जमीन आणि सोयींचा शब्द पाळला गेला नाही, अशी तक्रार करत काही पुनर्वसित लोक पुन्हा वर जंगलात गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांची आणि वनखात्या-पोलिसांची झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

ज्या डोंगरात १८०३ साली वर जायला रस्ता खोदावा लागला, त्याच डोंगरातून दोनशे वर्षांनी इथली माणसं भांडीकुंडी घेऊन खाली आली. रस्ता आत आणतो तसा बाहेरही नेतो. कोणी कधी जायचं, हे मात्र क्वचितच तिथे राहणारा ठरवतो.

तुम्ही मेळघाटात जा. लडाखलाही जा. घाटरस्त्याचा फोटो जरूर टाका. फक्त तो रस्ता पहिल्यांदा कशासाठी झाला आणि पहिलं ओझं कोणी ओढलं, एवढं तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या.