प्रकाशकोन (रंगमंचीय)

प्रकाशकोन : रंगमंचावर दिव्याचा झोत नटावर ज्या दिशेने व ज्या उंचीवरून पडतो, त्यावरून ठरणारा कोन. झोताची तीव्रता आणि रंग यांपेक्षाही भावनिर्मितीत याचा वाटा मोठा मानावा लागतो; कारण सावली कोठे पडणार हे कोनावर अवलंबून असते आणि प्रेक्षक नटाचा चेहरा ओळखतो तो बराचसा सावल्यांच्याच आधाराने.

ऊन वरून पडते याची डोळ्यांना सवय असल्यामुळे समोरून तिरका, आडव्या पातळीशी सुमारे ४५ अंशांचा झोत स्वाभाविक वाटतो. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत नटाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी असे दोन झोत, एक उबदार व दुसरा थंड छटेचा, योजलेले आहेत. या कोनात जमिनीवरची सावली नटाच्या उंचीएवढी असते. ३० अंशांवर ती सुमारे १.७ पट लांबते आणि नट मागे सरकला की पडद्यावर चढते. झोत थेट माथ्यावरून आला, तर भुवयांखालच्या खोबणी काळवंडून डोळे हरवतात व पात्र एकाकी किंवा दडपलेले भासते. विंगेतल्या आडव्या झोताने देहाची गोलाई उठून येते, म्हणून नृत्यात त्याला पसंती असते. पाठीमागचा झोत केस व खांद्यांच्या कडा उजळून नटाला पडद्यापासून सुटा करतो.

खालच्या झोतात नाकाची सावली कपाळाकडे चढते, हनुवटी उजळते आणि ओळखीचा चेहराही भेसूर होतो. मंचाच्या पुढच्या कडेला मांडल्या जाणाऱ्या पायदिव्यांचा हा दोषच होता. मुखवट्यांच्या खेळात मात्र तोच गुण ठरतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात होणाऱ्या बोहाडा या रात्रीच्या उत्सवात देवदैत्यांची सोंगे संबळ-सनईच्या तालावर नाचतात. मशाल सोंगाच्या जवळ व चेहऱ्याहून खाली धरली, की मुखवट्याच्या फुगीर डोळ्यांच्या व पुढे आलेल्या दातांच्या सावल्या वर सरकतात, आणि ज्योत हलेल तशा त्या हलत राहिल्याने रंगवलेला, निश्चल चेहरा भाव बदलत असल्याचा भास होतो. खांबावरच्या हॅलोजनचा समोरून येणारा पांढरा उजेड या सावल्या पुसून मुखवटा सपाट करतो. त्यामुळे विजेच्या दिव्यांतही किमान एक दिवा बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवणे इष्ट होय.