रंगानें उष्णता सांगणारा द्रव

प्राग येथील जर्मन विद्यापीठांत फ्रीड्रिख रायनित्झर नांवाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. गाजरांत सांपडणाऱ्या कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचें रासायनिक स्वरूप ठरवावें, एवढाच त्याचा हेतु. त्यासाठीं १८८८ सालीं तो कोलेस्टेरिल बेंझोएट हें संयुग तापवून पाहत होता. शुद्ध पदार्थ एका ठराविक उष्णमानास वितळतो. शुद्धतेची ती कसोटीच मानली जाते. येथें मात्र दोन बिंदु दिसले. १४५.५ अंश सेंटिग्रेडला घन वितळला, पण हातीं आला तो दुधासारखा गढूळ द्रव, १७८.५ अंशांस तो गढूळपणा एकाएकीं नाहींसा होऊन द्रव निर्मळ झाला. निवतांना त्यावर निळ्या-जांभळ्या रंगांची छटा चमकून गेली. असले रंग त्याच्यापूर्वींही कांहीं रसायनज्ञांनीं पाहिले होते. पण ते त्यांनीं तेथेंच सोडून दिले.

रायनित्झरनें १४ मार्च १८८८ रोजीं ऑटो लेहमान या पदार्थविज्ञानवेत्त्यास पत्र लिहिलें व नमुने धाडले. लेहमानजवळ पदार्थ तापवीत असतांनाच तो ध्रुवित प्रकाशांत पाहतां येईल असें सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. परस्परांशीं काटकोनांत ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्यें साधा द्रव ठेवला तर दृष्टिक्षेत्र काळेंच राहतें; स्फटिक ठेवला तर तें बहुधा उजळतें. हा गढूळ द्रव उजळला. वाहावें द्रवाप्रमाणें आणि प्रकाशाशीं वागावें स्फटिकाप्रमाणें, असें हें विलक्षण द्रव्य! १८८९ सालीं लेहमाननें ‘वाहते स्फटिक’ या मथळ्याखालीं तें जाहीर केलें.

विद्वानांस हें रुचलें नाहीं. स्फटिक म्हणजे कणांची पक्की रचना. ती वाहेल कशी? दुधांत स्निग्धांश तरंगतो तसें हें दोन द्रवांचें मिश्रण असावें, असें गुस्ताव टामानसारखा मातबर रसायनज्ञ म्हणूं लागला. आक्षेप अगदींच अवाजवी नव्हता. गढूळपणा दिसला कीं मळाची शंका घेणें हा प्रयोगशाळेंतला शहाणपणाच होय. परंतु द्रव्य कितीही शुद्ध केलें तरी तो गढूळपणा जाईना. पुढें हाले येथें डानिएल फोर्लेंडर व त्याचे शिष्य यांनीं अशीं शेंकडों संयुगें घडविलीं आणि रेणु लांबट व सरळ असला कीं हें रूप येतें, हें दाखविलें. १९२२ सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज फ्रीडेल यानें या मधल्या अवस्थेचे प्रकार पाडून त्यांस नांवें दिलीं. त्याच वर्षीं लेहमान वारला.

वाद मिटला, पण रायनित्झरनें पाहिलेल्या त्या रंगांचा उपयोग कोणास फारसा सुचला नव्हता. रंगांचें कारण असें. या जातीच्या द्रवांत रेणूंचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित् वळलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें. एका पूर्ण फेऱ्याची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें दोनहजाराव्या भागाइतकी आली, कीं तेवढाच रंग परत फिरतो, बाकीचा प्रकाश आरपार जातो. मागें काळा लेप हवा तो यासाठींच. उष्णता वाढली कीं बहुधा पीळ घट्ट होतो व रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. तांबडें तें ऊन आणि निळें तें थंड, या नित्याच्या समजुतीच्या नेमकें उलट!

अमेरिकेंतील वेस्टिंगहाऊसच्या प्रयोगशाळेंत जेम्स फर्गसन यानें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा चंचलपणाच कामास लाविला. १९६३ सालीं त्यास उष्णतेचें चित्र दाखविणाऱ्या साधनाचें पेटंट मिळालें. निरनिराळीं संयुगें मिसळून रंग कोणत्या अंशास बदलावा हें ठरवितां येऊं लागलें. द्रव तेलकट, हवेनें व धुळीनें बिघडणारा. म्हणून त्याचे सूक्ष्म थेंब जिलेटिनच्या कवचांत कोंडून पट्टीवर पसरण्याची युक्ति निघाली. मत्स्यपात्राच्या कांचेवर चिकटवावयाची किंवा तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावयाची पट्टी ती हीच. तथापि कपाळावरची पट्टी त्वचेची उष्णता सांगते, शरीराच्या आंतली नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचा शोधही अशा रंगचित्रांनीं लागेल अशी मोठी आशा धरली गेली होती. ती फळली नाहीं. आजही क्ष-किरणांच्या तपासणीची जागा तीं घेऊं शकत नाहींत. एखादीचा जीव ज्या उत्तरावर अवलंबून, तेथें नुसतें रंगीत चित्र पुरत नाहीं.

उष्णतेशिवाय वाफाही पीळ बदलतात, त्यामुळें हवेंतील वायु ओळखण्याचे प्रयत्न झाले. १९९८ सालीं अमेरिकेंत निकोलस ॲबट व त्याचे सहकारी यांनीं निराळीच वाट दाखविली. पृष्ठभागावर एखादें प्रथिन येऊन चिकटलें, तर त्यावरील द्रवस्फटिकाच्या रेणूंची दिशा विस्कटते आणि दोन ध्रुवकांमधून पाहतांना तो फरक उघड दिसतो. न दिसणाऱ्या पातळ थराची खूण अशी डोळ्यांस पटते. अडचण एवढीच कीं, साबणासारखें द्रव्य किंवा स्निग्धांशही रेणूंची दिशा तशीच पालटूं शकतो. म्हणून रक्तासारख्या मिश्र द्रवांत नेमकें काय चिकटलें हें सांगणें, शुद्ध नमुन्यांत सांगण्याहून फार अवघड जातें.