गव्हाचे पान आणि उन्हाची मर्यादा

माळव्याच्या गव्हाची कीर्ती आपण सारेच जाणतो. थंडी चांगली पडली की दाणा टपोरा भरतो आणि फाल्गुनातच ऊन तापू लागले की तो चिरमुटतो, हा तेथील शेतकऱ्याचा पिढीजात अनुभव. परंतु असे का व्हावे, याचा उलगडा ज्यांनी आरंभिला त्यांत एक विदुषी होती आणि तिने पुढे काही वर्षे इंदूर नगरीत काम केले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे.

उष्णता व पीक यांचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न १७३५ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी केला. एप्रिल ते जून या तीन महिन्यांतील रोजच्या उष्णतामानाची त्यांनी बेरीज केली. धान्य पिकण्यास उष्णतेची ठरावीक बेरीज भरावी लागते, असे त्यांचे मत. ते उपयुक्त ठरले. पण ऊन जितके अधिक तितके बरे, असाही भ्रम त्यातून होण्याजोगा होता.

केंब्रिज येथे ब्लॅकमन यांच्या समवेत काम करणाऱ्या गॅब्रिएल मॅथेई यांनी तो भ्रम राहू दिला नाही. पान बंद पात्रात ठेवून, निरनिराळ्या उष्णतामानांत ते किती कर्बवायू शोषते, हे त्यांनी मोजले. प्रकाश मंद असता उष्णता वाढवूनही लाभ होत नाही. प्रकाश भरपूर असता होतो. मात्र उष्णता फार वाढली की पानाचा आरंभीचा वेग टिकत नाही, तो उतरू लागतो. या निष्कर्षांच्या आधारे ब्लॅकमन यांनी १९०५ साली सिद्धान्त मांडला की अनेक घटकांपैकी जो तोकडा, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवितो.

त्याच वर्षी मॅथेईबाईंचा विवाह आल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी झाला. बिहारातील पुसा येथे उभयतांनी गव्हाच्या नव्या जाती निपजविल्या. १९२४ साली इंदूर येथे वनस्पतिसंशोधनाची संस्था स्थापन झाली, तेथेही हॉवर्डबाई कार्यरत राहिल्या. १९३० साली त्यांचे निधन झाले. कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळे हॉवर्ड हे नाव जगभर झाले, पानावरील ते प्रयोग मात्र विस्मृतीत गेले.

पुढील संशोधनाने कारणही उमगले. कर्बवायू धरणारे पानातील द्रव्य उष्णता वाढताच चुकून प्राणवायू अधिक धरू लागते आणि कमाई वाया जाते. १९६६ साली हॅच व स्लॅक यांनी उसाच्या पानात कर्बवायू साठवून त्या द्रव्यापाशी पोहोचविणारी निराळी रचना वर्णिली. आपल्या ज्वारी-बाजरीतही तीच आहे, म्हणून ती पिके ऊन सोसतात. गव्हास ती सोय नाही. शिवाय ओंबी भरतेवेळी ऊन वाढले की पीक लवकर पिकते आणि दाण्यास भरण्यास दिवस अपुरे पडतात.

२०२२ साली याचा प्रत्यय आला. १९०१ पासूनच्या नोंदींत तो मार्च भारतात सर्वांत उष्ण ठरला, उत्तरेकडील गहू आक्रसला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. सरासरी उष्णतामान एक अंशाने वाढले तर जगातील गव्हाचे उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

वेळेवर पेरणी, लवकर येणारे वाण, दाणा भरताना एखादे पाणी, एवढे उपाय आपल्या हाती आहेत. ते योजताना, पानाच्या सोसण्यास सीमा असते हे मोजून दाखविणाऱ्या त्या विदुषीचे स्मरण इंदूरकरांनी तरी ठेवावे.